आधी वायर, मग चिंधी

फौजेत मी सतरा वर्षं व्हेईकल मेकॅनिक होतो. हवालदार म्हणून बाहेर पडलो. नाव संपत जगदाळे, गाव कवठेमहांकाळच्या बाजूचं. गेली सहा वर्षं दोहात आहे, इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन. राहायला अल नस्रला, एका फ्लॅटमध्ये आम्ही चौघं. क्रेन, फोर्कलिफ्ट, जनरेटर, जे दारात येईल ते दुरुस्त करायचं. शुक्रवारी जेवायला बसलो की लोक म्हणतात, हवालदार, फौजेतलं काहीतरी सांगा की. मी सांगतो. थंडीचं सांगतो, लंगरातल्या, म्हणजे आमच्या भटारखान्यातल्या, भांडणांचं सांगतो, एका सुभेदारसाबांच्या घोरण्याचं सांगतो. लोक हसतात. एक गोष्ट मात्र चौदा वर्षं कुणाला सांगितली नव्हती. यंदा मे महिन्यात ती सांगावी लागली, आणि आता लिहूनही काढली आहे. याची एक प्रत युनिटला पाठवली आहे. उत्तर येईल तेव्हा येईल.

मंगळवार होता. सकाळी ०७१५ वाजता लो-बेड ट्रेलर यार्डात शिरला आणि त्यावर काय आहे ते मला गेटातूनच दिसलं. लाल रंग, रुंद ट्रॅक, पुढे ब्लेड. स्नोकॅट. बर्फ दाबून सपाट करायचं यंत्र. मुऐदरच्या एका अरबाबने, म्हणजे इथल्या शेठने, पोराबाळांना घसरायला बर्फाचा बंदिस्त हॉल बांधला होता, त्यासाठी युरोपातून सेकंडहँड मागवलेलं. दुपारी बाहेर बेचाळीस डिग्री होत होती. आमचा मॅनेजर मॅथ्यू, केरळचा माणूस, कागद हातात घेऊन माझ्याकडे आला.

"संपतभाई, नेक्स्ट थर्सडे हॉल का ओपनिंग है. नौ दिन. होगा?"

"बघतो," मी म्हणालो.

"तू तो आर्मी में यही चलाता था ना?"

"चलाता नहीं था. बनाता था."

चालवणारा दुसरा होता, हे मी बोललो नाही.

या मशीनचा ड्रायव्हर म्हणून मुश्ताकला नेमलं होतं. मुश्ताक रत्नागिरीजवळचा, पन्नाशी ओलांडलेला. आठ वर्षं त्याने अल खोरला कंपनीची बस चालवली, प्लांटवरच्या लोकांची ने-आण केली, आणि एकदाही बस कुठे घासली नाही हे तो पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून बस सोडली. बर्फ त्याने आयुष्यात फक्त कोळणीच्या टोपलीत पाहिलेला.

"हवालदार," तो मशीनभोवती फिरून म्हणाला, "ह्याला चाकं कुठं आहेत?"

"नाहीत."

"स्टिअरिंग?"

"आहे. घाबरू नको."

"घाबरतो कशाला. अल्ला राखील, नि वर तुम्ही आहातच."

मला ते ऐकून बरं वाटलं नाही.

पहिले चार दिवस तेलाचे गेले. असलं मशीन इंजिनवर चालतं असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे इंजिन फक्त पंप फिरवतं. ट्रॅक, ब्लेड, ब्रेक, सगळं तेलाच्या दाबावर. बोटीतून येताना आणि बंदरावरच्या उन्हात रबरी होज, म्हणजे तेलाच्या नळ्या, वाळून फुटले होते. हाताने दाबले की पापडासारखे तडकत. चौदा होज नवीन करून घेतले. टाकी उघडली तर तळाशी काळा चिखल. ती धुतली, गाळणी बदलली, नवीन तेल भरलं, सिस्टिममधली हवा काढली. डावा ट्रॅक उजव्यापेक्षा हळू फिरत होता. दाब मोजत मोजत गेलो आणि घोडं कुठं पेंड खातंय ते सापडलं. एका व्हॉल्व्हच्या तोंडाशी रबराचा तुकडा अडकला होता, तुरीच्या डाळीएवढा.

मग तीन दिवस वायरिंग. चोवीस व्होल्टची सिस्टिम. अर्थच्या पट्ट्या गंजलेल्या, फ्यूज बॉक्समध्ये कुणीतरी फ्यूजच्या जागी तार कोंबलेली. उंदरांनी लायटिंगचा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कुरतडला होता. ते उंदीर युरोपातले की आपल्याकडचे, यावर मुश्ताक आणि इलेक्ट्रिशियन अर्धा तास वाद घालत बसले. मी हार्नेस उकलला, एकेक वायर मीटर लावून तपासली, नवीन सोल्डरिंग केलं. उन्हात पत्र्याला हात लागला की चटका बसायचा. दुपारी बाहेरचं काम आम्ही बंद ठेवायचो, त्या वेळात शेडमध्ये बसून कनेक्टर साफ करायचे. मुश्ताक पान्हे द्यायला शिकला. चहाही बरा करायला लागला.

शुक्रवारची सुट्टी सोडून आठव्या दिवशी, म्हणजे बुधवारी, सकाळी ०८३० वाजता ट्रायल घेतली. काँक्रीट उखडू नये म्हणून यार्डाच्या मागच्या वाळूवर. तिथे जरा उतार आहे. मुश्ताक सीटवर बसला. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. ब्लेड वर गेलं, खाली आलं. मशीन दहा पावलं पुढे गेलं, डावीकडे वळलं, थांबलं. मुश्ताकच्या तोंडावर हसू मावेना. ब्लेडचं टोक वाळूत किती रुतलंय ते बघायला तो सीटवरून उठला.

इथे एक गोष्ट समजावून सांगतो, पुढचं सगळं तिच्यावर आहे. या मशीनच्या सीटखाली एक स्विच असतो. ड्रायव्हर बसला की करंट पुढे जातो, व्हॉल्व्ह उघडतो, तेलाचा दाब ब्रेकला उघडा धरतो. ड्रायव्हर उठला की करंट तुटतो, दाब जातो आणि जाड स्प्रिंग ब्रेकला आवळतात. माणसाने सीट सोडली की मशीन आपोआप जखडलं जातं. त्याचा आवाज येतो. खट. एकदा ऐकला की विसरत नाही.

मुश्ताक उठला तेव्हा मी त्या आवाजाची वाट पाहत होतो. तो आला नाही.

"बस खाली," मी ओरडलो.

"अं?"

"सीटवर बस. उठू नको. हात लाव ब्रेकच्या बटणाला. दाब. आता इंजिन बंद."

त्याने सांगितलं तसं केलं. खाली उतरला तेव्हा माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. मी केबिनमध्ये चढलो आणि सीट उलटी केली. न बघताही मला माहीत होतं काय असेल. सीट स्विचच्या दोन टोकांमध्ये एक निळी वायर जोडलेली होती. जुनी, व्यवस्थित टेप गुंडाळलेली. कुणा चांगल्या मेकॅनिकचं काम होतं. स्विच बिघडला असणार, मशीन सारखं अडत असणार, म्हणून त्याने करंटला पलीकडून रस्ता काढून दिला. मशीनला वाटतं, माणूस बसलेला आहे. माणूस खाली उतरला तरी तसंच वाटतं. आणि आठ दिवस मी अख्खं मशीन उसवलं, पण सीट तेवढी उचलली नव्हती. ती मी शेवटासाठी ठेवत आलो होतो. का ते मला विचारू नका.

वायर कापली.

वायर काढल्यावर मशीन जागचं हलेना, कारण स्विच मेलेलाच होता. मॅथ्यूने युरोपात फोन लावला. नवीन स्विच यायला दहा दिवस.

"कल ओपनिंग है," मॅथ्यू म्हणाला. "वो वायर वापस लगा दो. दस दिन की बात है."

"नहीं."

"मुश्ताक पुराना ड्रायव्हर है. वो ध्यान रखेगा."

"मी सांभाळीन ना, हवालदार," मुश्ताकही म्हणाला. "उतरताना बटण दाबायचं, एवढंच ना? आठ वर्षं बस चालवली मी. एकदाही—"

"तुला माहीत आहे म्हणून तू दाबशील. तू सुट्टीवर गेलास की दुसरा येईल. त्याला कोण सांगणार?"

"तुम्ही सांगाल."

मॅथ्यू वैतागला. चांगला माणूस आहे, पण तारीख चुकली की त्याला झोप येत नाही. म्हणाला, "भाई, रीझन दे. नहीं तो मैं दूसरे मेकॅनिक को बुलाता हूँ."

तर मी कारण सांगितलं. शेडमध्ये, टायरवर बसून, सकाळी दहाच्या सुमारास. तेच इथे लिहितो.

चौदा वर्षांपूर्वी माझी पोस्टिंग उत्तरेकडच्या एका ग्लेशियरवर होती. नाव सांगत नाही. उंची साडेसोळा हजार फूट. आमच्या कॅम्पला एकच स्नोकॅट होतं, तेही दुसऱ्या युनिटने वापरून झाल्यावर आलेलं. मेकॅनिक मी एकटा. ०५०० वाजता उठायचं, बॅटरीजवळ स्टोव्ह धरायचा, इंजिन लागेपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. पान्हे रात्रभर बुखारीजवळ, म्हणजे टेंटमधल्या केरोसीनच्या शेगडीजवळ, ठेवायचे, नाहीतर बोटांची कातडी लोखंडाला चिकटून येते. हेलिपॅड आमच्यापासून सातशे मीटरवर, थोड्या उतारावर. चॉपर आलं की ड्रायव्हर मशीन घेऊन जायचा आणि केरोसीन, रेशन, टपाल घेऊन यायचा. रोजचं हेच.

त्या महिन्यात सीटखालचा स्विच दगा द्यायला लागला. बर्फ वितळून आत पाणी जायचं, परत गोठायचं. मशीन चालता चालता धाडकन थांबायचं. मी वायरलेसवर नवीन स्विच मागवला. तो यायच्या आधीच पुढच्या पोस्टवरून एक जवान आणावा लागला. त्याच्या फुफ्फुसात पाणी झालं होतं. चॉपर एक तासात येणार होतं आणि आमचं मशीन दर वीस पावलांवर अडत होतं. मी स्विचच्या दोन टोकांना वायर जोडली. जवान वेळेत हेलिपॅडवर पोहोचला. जगला. त्या वायरची मला तेव्हा लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

आमच्यात एक रीत होती. गाडीत कामचलाऊ दुरुस्ती असेल तर स्टिअरिंगला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की ड्रायव्हर आधी मेकॅनिकला विचारणार, मगच बसणार. बोलायचं राहिलं, माणूस बदलला, कुणी झोपेत असलं, तरी चिंधी बोलते. माझे उस्ताद मला शिकवताना म्हणायचे, बांधताना चिंधी आधी, सोडताना चिंधी शेवटी. आधी वायर काढायची, मग चिंधी. हे त्यांनी मला डोक्यात टपली मारून मारून शिकवलं होतं. मी चिंधी बांधली. पाच दिवस ती स्टिअरिंगवर होती. त्या वेळच्या ड्रायव्हरने पाचही दिवस मला विचारून मशीन काढलं.

मग तो खाली गेला आणि नाईक महादेव शेळके सुट्टीवरून परत आला.

महादेव जतकडचा. आमची दोघांची गावं एका एसटीच्या अंतरावर, त्यामुळे तो मला उस्ताद न म्हणता संपतराव म्हणायचा. घरून भडंग आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आला होता. मुलीच्या बारशाला गेला होता. आदल्या संध्याकाळी आम्ही बुखारीभोवती बसलो, तेव्हा त्याने मुलीचा फोटो सगळ्यांना दाखवला. फोटोत नुसतं टोपडंच दिसत होतं. त्याचे वडील, आबा, हेही फौजेत ड्रायव्हर. वीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. महादेव त्यांची नक्कल करायचा. कमरेवर हात ठेवून, मान ताठ करून म्हणायचा, "म्हाद्या, गाडी सोडताना तीनदा बघायचं. ब्रेक, गिअर, चाक. न बघता उतरलास तर घरला येऊ नगंस." आम्ही पोट धरून हसलो. मशीनबद्दल मी त्याला काही बोललो नाही. चिंधी होती. सकाळी बघेल, विचारेल, तेव्हा सांगू.

सकाळी ०९२० वाजता वायरलेसवर बेसचा आवाज आला. अल्फा टू म्हणजे आमचा कॅम्प.

"अल्फा टू, तुम्हारा स्विच चॉपर में लोड हो गया. ओव्हर."

"अल्फा टू, रॉजर. शुक्रिया. ओव्हर."

मला इतका आनंद झाला की विचारू नका. पाच दिवस त्या वायरचं ओझं होतं. चॉपर यायला तासभर होता. म्हटलं, तोवर वायर काढून जागा साफ करून ठेवू. मी मशीनवर चढलो. चिंधी सोडली आणि कोटाच्या खिशात घातली. मग सीटचे बोल्ट बघितले. दहा नंबरचा पान्हा लागणार होता आणि तो टेंटमध्ये, बुखारीजवळ. मी पान्हा आणायला गेलो.

एवढंच. चिंधी आधी काढली. वायर राहिली.

टेंटमध्ये लंगरवाल्याने चहाचा मग हातात दिला. हात गारठले होते. म्हटलं, दोन घोट घेऊ. ०९३५ ला चॉपरचा आवाज आला. खालून हवा बिघडत होती म्हणून पायलट लवकर निघाला होता. बाहेर सुभेदारसाबांचा आवाज ऐकू आला.

"महादेव, मशीन निकाल. पाँच मिनट में हेलिपॅड."

"जी साब."

इंजिन लागल्याचा आवाज मी टेंटमध्ये ऐकला. बरं झालं, आता स्विच घेऊनच येईल, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला बोलू, तेवढंच आलं. चहा सावकाश संपवला, तोवर चॉपर उतरून परत उडालंही. पान्हा उचलला, खिशात ठेवायला गेलो, आणि हाताला चिंधी लागली.

मी धावलो. त्या उंचीवर धावता येत नाही. शंभर पावलांत छातीत सुरी फिरल्यासारखं होतं. जाताना वायरलेसवाल्याला ओरडून सांगितलं, महादेवला सांग, सीट सोडू नको. त्याने सेट उचलला. त्याच क्षणी सेटमधून हेलिपॅडवरच्या जवानाचा आवाज आला.

"अल्फा टू, गाडी पीछे जा रही है. आदमी नीचे है. आदमी नीचे है."

सामान भरून झालं होतं. चॉपर उडून गेलं होतं. जवान सामान भरत होते तेव्हा महादेव सीटवरच होता, निघणार इतक्यात केरोसीनचा एक जेरीकॅन मागे घसरून पडलेला त्याला दिसला. तो उतरला. शिकवलेलं होतं की सीट सोडली की ब्रेक लागतो. चार वर्षं लागत आला होता. तो मशीनच्या मागे जाऊन जेरीकॅन उचलत होता. मशीन उतारावर सावकाश मागे आलं. चॉपरचा आवाज अजून हवेत होता, त्याला ट्रॅकचा आवाज ऐकू आला नसावा.

मी पोहोचलो तेव्हा त्याला बाजूला काढलं होतं. शुद्धीवर होता. कमरेखाली बघवत नव्हतं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याने मला ओळखलं.

"संपतराव," तो म्हणाला, "ब्रेक लागला नाही. उतरलो तर लागायला पाहिजे होता."

"बोलू नको. चॉपर परत बोलावलंय."

"लागायला पाहिजे होता."

१०१५ वाजता तो गेला. चॉपर हवेमुळे परत येऊ शकलं नाही. माझ्या उजव्या खिशात चिंधी होती.

त्याला कॅम्पवर उचलून आणलं होतं, हवा निवळल्यावर दुपारी परत हेलिपॅडवर न्यायचं होतं आणि न्यायला तेच मशीन होतं. सामानात स्विचचं पाकीट आलं होतं. मी ते उघडलं, वायर काढली, नवीन स्विच बसवला. कुणी मला सांगितलं नव्हतं. महादेवला त्या वायरवर न्यायचं नाही एवढंच डोक्यात होतं. निदान तेव्हा तरी मी स्वतःला तसं सांगितलं. १४०० वाजता मशीन ठणठणीत होतं. वायर बुखारीत टाकली.

काही दिवसांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. कॅप्टनसाबांनी मशीन तपासलं. माणूस बसवला, उठवला. खट. पुन्हा बसवला, उठवला. खट. मग मला विचारलं.

"सीट स्विच उस दिन सर्व्हिसेबल था?"

"सर्व्हिसेबल, सर."

"कुछ और कहना है?"

"नो सर."

जुन्या ड्रायव्हरला चिंधीचं माहीत होतं, पण तो खाली होता आणि त्याला कुणी विचारलं नाही. मी मूग गिळून बसलो. माझी बायको तेव्हा गरोदर होती, प्रमोशन जवळ आलं होतं, अशी कारणं माझ्याकडे होती. आता ती मोजत बसत नाही. कागदावर आलं, स्विच त्या क्षणी गोठून अडकला असावा, पण ड्रायव्हर पार्किंग ब्रेक न लावता उतरला. कागदाप्रमाणे ते बरोबर होतं. उतरताना बटणही दाबायचं असा नियम आहेच. दाबत कुणीच नव्हतं.

पुढच्या सुट्टीत मी जतला गेलो. आबा अंगणात खाटेवर बसले होते, पाठ ताठ. मला चहा दिला. मग म्हणाले, "संपत, त्यो ब्रेक कसा इसरला रं? एवढं शिकवलं हुतं मी."

मी म्हणालो, "आबा, घाईत होतं कधी कधी."

हे माझे शब्द. जसेच्या तसे.

तेव्हापासून आबा गावातल्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला, जीपवाल्याला थांबवून सांगतात, गाडी सोडताना तीनदा बघ. माझं पोरगं इसरलं, म्हणून गेलं. म्हादूसारखं करू नगंस. गावी गेलो की हे मला कुणी ना कुणी सांगतंच. चौदा वर्षं महादेवचं नाव त्या गावात चुकीचा दाखला म्हणून घेतलं जातं. घेतो त्याचा बाप.

इतकं सांगून मी थांबलो. मॅथ्यूला मराठी कळत नाही, त्याच्यासाठी मधूनमधून हिंदीत सांगत होतो. तो टोपी काढून हातात धरून बसला होता. म्हणाला, "खलास. नहीं लगाएंगे. मैं अरबाब से बात करता हूँ." आणि उठून गेला.

मुश्ताक जागचा हलला नाही.

"त्या बापाला हे माहीत आहे?" त्याने विचारलं.

"नाही."

"हयात आहे?"

"आहे. ब्याऐंशी वय."

"मग मला कशाला सांगताय, हवालदार?"

तो रागाने बोलला नव्हता. पाणी आणायला गेला. मी टायरवर तसाच बसून राहिलो. समोर भिंतीला लागून आमचा जुना फोर्कलिफ्ट उभा होता, दोन वर्षं बंद पडलेला. माझं लक्ष त्याच्या सीटकडे गेलं. फोर्कलिफ्टच्या सीटखालीही स्विच असतो. आठ दिवस तो माझ्या डोळ्यांसमोर होता. डोकं जागेवर असतं तर सकाळीच सुचलं असतं.

स्विच काढला, साफ केला, मीटर लावून शंभरदा चालू-बंद करून पाहिला. बसवायला पट्टी कापावी लागली, दोन भोकं नवीन पाडली. काम सुरू करण्याआधी मुश्ताकच्या जुन्या लाल टी-शर्टचा तुकडा स्टिअरिंगला बांधला. १५३० वाजता सगळं जोडून झालं. मुश्ताक बसला. उठला. खट. बसला. उठला. खट. मी त्याला दहा वेळा बसवलं-उठवलं. त्याचे गुडघे दुखायला लागले तरी तो काही बोलला नाही. मग मी चिंधी सोडली आणि त्याच्या हातात दिली.

"ही केबिनमध्ये ठेव. कुणी काही तात्पुरतं केलं तर बांधायची. सोडायची कधी?"

"शेवटी," मुश्ताक म्हणाला.

गुरुवारी हॉल उघडला. मी गेलो नाही.

शुक्रवारी सकाळी फ्लॅटमधले तिघं बाजाराला गेले होते. भारतात साडेअकरा वाजले होते. मी जतला फोन लावला. एका मुलीने उचलला.

"कोण बोलतंय?"

आवाज नवा होता. चौदा वर्षांची असणार. टोपड्यातली.

"मी संपत जगदाळे. तुझ्या वडिलांबरोबर होतो. आबांना दे."

आबांना आता कमी ऐकू येतं. तिने स्पीकर चालू केला आणि आत गेली. मी त्यांची खुशाली विचारली नाही. विचारली असती तर पुढचं बोललो नसतो.

"आबा, महादेव ब्रेक विसरला नव्हता. सीटखालचा स्विच बिघडला होता. त्याला मी वायर जोडली होती. गाडीवर चिंधी होती, ती मी सोडली, आणि वायर काढायची राहिली. त्याला हे माहीत नव्हतं. तो शिकवल्याप्रमाणेच उतरला. मी कोर्टात खोटं बोललो. तुमच्याशीही खोटं बोललो."



"म्हंजी त्यानं बरुबर केलं हुतं?" आबांनी विचारलं.

"हो, आबा. बरोबर केलं होतं."

मग ते म्हणाले, "मंग एवढी वर्सं मी त्याला कशापायी नावं ठिवली?"

शिव्या दिल्या असत्या तर घेतल्या असत्या. त्यांनी दिल्या नाहीत. मग ते फोनपासून तोंड बाजूला करून नातीला म्हणाले, "पोरी, हिकडं ये. फोन कानाला लाव. तुझ्या बापाचं ऐक." आणि मला म्हणाले, "संपत, परत सांग. हिला सांग. हिला मी लई येळा खोटं सांगितलंय."

मी खाटेवर बसलो होतो. उठून उभा राहिलो. मुलीने फोन कानाला लावल्याचा आवाज आला. मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, रिपोर्ट देतात तसं, आधी रँक, मग नाव.

"नाईक महादेव शेळके ब्रेक विसरले नव्हते."